न्यूक्लिअर प्लांटमध्ये स्टेशन डायरेक्टरपर्यंत पोचायचं असेल तर रस्ता नेमका कुठून जातो?

कोराडी_कॉलनी

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, मागच्या वर्षी मेकॅनिकल झालं, गेटचा स्कोअर बरा आला आणि आता एनपीसीआयएलच्या (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) एक्झिक्युटिव्ह ट्रेनीसाठी इंटरव्ह्यू कॉल आलाय. दुसरीकडे मिहानमधल्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर पण आहे, आणि घरचे म्हणून राहिले की घरून जा, घरी ये, डब्बा मिळतो, अजून काय पाहिजे.

पण मला मशीनजवळ राहायचंय. बाबा थर्मलमध्ये शिफ्ट करून करून रिटायर झाले, रात्री दोनला फोन वाजला की बॉयलरची ट्यूब फुटली असणार हे आम्हाला घरी सगळ्यांना कळायचं, त्यामुळे प्लांटची नोकरी काय असते ते माहीत आहे. मला विचारायचंय त्याच्या पुढचं. समजा सिलेक्शन झालं, तर तिथून स्टेशन डायरेक्टर (अख्ख्या प्लांटचा प्रमुख) किंवा त्याच्याही वर जाणारी माणसं कोणत्या रस्त्याने जातात? ऑपरेशन घ्यावं, मेंटेनन्स घ्यावं की डिझाईन? सरकारी आहे म्हणजे सिनिऑरिटीने आपोआप सरकत जातं का, की मध्ये कुठे चाळणी लागते? एमबीए करावं लागतं का, कारण मामा रोज सांगतात की वर जायचं तर मॅनेजमेंटची डिग्री लागतेच. आणि आईचं एकच, रेडिएशन. तिला काय सांगू ते पण सांगा.

आतल्या कोणी उत्तर दिलं तर फार बरं होईल. कोचिंगवाल्यांचे व्हिडिओ भरपूर पाहिले, ते सगळे पगारावरच थांबतात.

शिफ्टवाले_काका

बेटा, आधी अभिनंदन. माझं आयुष्य ऑपरेशनमध्ये गेलं, पीएचडब्ल्यूआर म्हणजे जड पाण्याच्या रिअ‍ॅक्टरवर, आता मनीषनगरला असतो. जे पाहिलं ते लिहितो, थोडं लांबेल.

आमच्या क्षेत्रात लीडर म्हणून कोणाची भरती होत नाही. कितीही मोठ्या कॉलेजातून ये, पहिलं वर्ष ट्रेनिंग सेंटर, मग टॉर्च आणि चेकलिस्ट घेऊन फील्डमध्ये लाईन ट्रेस करत फिरायचं. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसलाय, त्याच्यापर्यंत अंधारात कसं पोचायचं, हाताने फिरवायला जड जातो की हलका, हे ड्रॉइंगवर कळत नाही. हा काळ पोट्ट्यांना कंटाळवाणा वाटतो आणि बरेच जण इथेच मुंबईच्या ऑफिसात बदली मागतात. ज्याला स्टेशन चालवायचंय त्याने इथे अजिबात घाई करू नये, कारण पुढची प्रत्येक परीक्षा ह्याच्यावरच उभी असते.

आता तू विचारलेली चाळणी. ती आहे, आणि तिचं नाव लायसन्स. कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसायचं असेल, पुढे असिस्टंट शिफ्ट चार्ज, मग शिफ्ट चार्ज इंजिनिअर व्हायचं असेल तर प्रत्येक पायरीला वेगळं लायसन्स. आधी फील्डच्या चेकलिस्ट पूर्ण करायच्या, मग वॉकथ्रू, मग लेखी पेपर, मग सिम्युलेटर, मेडिकल, आणि शेवटी समितीसमोर तोंडी परीक्षा. हे सगळं एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमाखाली चालतं, आणि मिळालेलं लायसन्स कायमचं नसतं, ३ वर्षांनी परत स्वतःला सिद्ध करावं लागतं. इथे साहेबाची ओळख चालत नाही आणि सिनिऑरिटीही चालत नाही. मी फार हुशार माणसं समितीपुढे अडकलेली पाहिली आणि कॉलेजात साधारण मार्क असलेली पहिल्या झटक्यात पास झालेली पाहिली, कारण दुसऱ्यांनी प्लांट पायाखाली घातला होता.

लायसन्सवाल्या शिफ्ट चार्जमधूनच पुढे ऑपरेशन सुपरिंटेंडंट, चीफ सुपरिंटेंडंट, स्टेशन डायरेक्टर अशी वाट जाते, मग साइट डायरेक्टर, मग मुंबईला हेडक्वार्टर. मेंटेनन्स, टेक्निकल सर्व्हिसेस, ट्रेनिंग ह्यांचेही सुपरिंटेंडंट असतात आणि तिथूनही लोक वर गेलेत, पण त्यातले बहुतेक कधी ना कधी कंट्रोल रूममध्ये राहून आलेले असतात.

अजून एक, ग्रेड वेगळी आणि खुर्ची वेगळी. सायंटिफिक ऑफिसर सी पासून डी, ई, एफ, जी, एच अशी ग्रेड वाढत जाते, ती जागा रिकामी आहे का ह्यावर नसते, तुझ्या कामावर आणि इंटरव्ह्यूवर असते. ही डीएईची, म्हणजे अणुऊर्जा विभागाची, फार चांगली गोष्ट आहे. पण ग्रेड वाढली म्हणून स्टेशन हातात मिळत नाही, खुर्च्या मोजक्याच असतात.

त्या खुर्चीवर कोणाला बसवतात ते एका गोष्टीवरून सांगतो. रिअ‍ॅक्टर फुल पॉवरवरून ट्रिप झाला (म्हणजे झटक्यात बंद पडला) की आतल्या आयोडिनपासून झेनॉन बनत राहतो, आणि झेनॉन न्यूट्रॉन गिळतो. आपल्या पीएचडब्ल्यूआरमध्ये साधारण अर्ध्या तासाच्या आत परत क्रिटिकल केला, म्हणजे साखळी प्रक्रिया परत सुरू केली, तर केली, नाही तर झेनॉन एवढा चढतो की दीड दिवस तरी युनिट उठत नाही. २२० मेगावॉटचं युनिट दीड दिवस बंद म्हणजे जवळपास ८० लाख युनिट वीज गेली. आता विचार कर, रात्रीचे तीन वाजलेत, ग्रिडवाले फोनवर आहेत, ट्रिप कशाने आली ते अजून स्पष्ट नाही आणि घड्याळ पळून राहिलं. कारण कळल्याशिवाय परत स्टार्ट करायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्या अर्ध्या तासात आवाज न चढवता "थांबायचं, गेली वीज तर जाऊ दे" असं म्हणणारा माणूस हवा असतो. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्या माणसाला "काहून थांबला?" असं कोणी दरडावलं नाही, तर समजायचं की त्या स्टेशनचा डायरेक्टरही तयारीचा आहे. माझ्या मते लीडरशिप म्हणजे एवढंच, बाकी प्रेझेंटेशन वगैरे नंतर येतं.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राचं माहीत नसेल तर वाच. ३१ मार्च १९९३, पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, आग केबलमध्ये गेली आणि मेन तर मेन, बॅकअपच्याही केबली जळल्या कारण त्या पुरेशा वेगळ्या टाकल्या नव्हत्या. अख्खं युनिट १७ तास वीज नसलेलं. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, बाहेर पडावं लागलं. शिफ्टवाल्यांनी सुरुवातीलाच हाताने रिअ‍ॅक्टर ट्रिप केला होता, मग काही जण टॉर्च घेऊन रिअ‍ॅक्टर बिल्डिंगमध्ये वर चढले आणि बोरॉनचं (न्यूट्रॉन शोषणारं) पाणी सोडायचे व्हॉल्व्ह हाताने उघडले, डिझेलवर चालणारे फायर पंप लावून स्टीम जनरेटरला पाणी दिलं. गाभा शाबूत राहिला. रेडिएशन बाहेर गेलं नाही. त्या रात्री कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे हे ज्यांना पाठ होतं त्यांच्यामुळे हे झालं, म्हणून म्हणतो ती पहिली दोन-तीन वर्षं कंटाळू नको.

ट्रॉम्बेहून_परत

काकांनी फार छान लिहिलंय, स्टेशनच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण प्रश्नात "त्याच्याही वर" असं पण आहे, आणि तिथे चित्र जरा बदलतं म्हणून लिहितो. मी डिझाईनवाला, व्हीएनआयटीचा (आमच्या वेळी व्हीआरसीई म्हणायचे), मग बार्क (भाभा अणुसंशोधन केंद्र).

स्टेशनचा प्रमुख ऑपरेशनमधून येतो पण अख्ख्या अणुऊर्जेच्या टोकाला पोचलेली माणसं बघितली तर ती वेगवेगळ्या वाटांनी आलीत. अनिल काकोडकर सरांचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. व्हीजेटीआयचे मेकॅनिकल, १९६४ ला बार्कमध्ये, ध्रुव रिअ‍ॅक्टरचं काम, आणि कल्पाक्कमची दोन युनिटं मॉडरेटरचा मॅनिफोल्ड (आत जड पाणी सोडणारा भाग) फुटल्यामुळे जवळजवळ मोडीत निघायची वेळ आली होती ती परत उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. मग १९९६ ला बार्कचे डायरेक्टर, २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्याही आधीच्या पिढीतले एम. आर. श्रीनिवासन प्रोजेक्टवाले, १९५५ ला आले, अप्सरा रिअ‍ॅक्टरवर काम, मग १९६७ ला मद्रासच्या प्रोजेक्टचे मुख्य इंजिनिअर, १९८४ ला न्यूक्लिअर पॉवर बोर्डाचे अध्यक्ष, आणि १९८७ ला एनपीसीआयएल स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले चेअरमन आणि त्याच वर्षी आयोगाचेही. २०२३ ला आयोगाचे अध्यक्ष झालेले अजितकुमार मोहंती फिजिक्सचे. म्हणजे एक मेकॅनिकल डिझाईन, एक प्रोजेक्ट, एक फिजिक्स.

ह्या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते, कोणाच्या तरी हातून काहीतरी अवघड असं उभं राहिलंय किंवा बिघडलेलं परत सुरू झालंय. म्हणून तुला माझा सल्ला थोडा वेगळा. जॉइन झाल्यावर नवीन युनिटच्या कमिशनिंगला जायचा चान्स मिळाला तर हातचा सोडू नको. चालू स्टेशनवर तू सिस्टिम चालताना बघतोस, कमिशनिंगमध्ये ती पहिल्यांदा जन्माला येताना बघतोस, प्रत्येक पंप पहिल्यांदा फिरतो, प्रत्येक इंटरलॉक तपासावा लागतो, कागदावर बरोबर असलेलं साइटवर का जुळत नाही ते तिथे कळतं. गुजरातमधल्या काकरापारचं तिसरं युनिट, आपलं देशी ७०० मेगावॉटचं पहिलं, जुलै २०२० ला क्रिटिकल झालं आणि व्यावसायिक उत्पादन सुरू व्हायला जून २०२३ उजाडला. बाहेरून बघणाऱ्याला हा उशीर वाटतो. त्या तीन वर्षांत आत असलेल्या तरुण इंजिनिअरांना जे शिकायला मिळालं ते दहा वर्षं चालू प्लांटवर राहून मिळणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि बार्कचं ट्रेनिंग स्कूल विसरू नको, १९५७ पासून चालू आहे, तिथल्या ट्रेनिंग कोर्सला ओसीईएस म्हणतात, गेट स्कोअरवर इंटरव्ह्यूला बोलावतात. रिसर्च, डिझाईन, सेफ्टी अ‍ॅनालिसिस ह्यात मन रमत असेल तर तो दरवाजा. पण तू स्वतःच लिहिलंस की प्लांट चालवायचाय, तर मग एनपीसीआयएलच.

कोराडी_कॉलनी

काका, सर, दोघांनाही मनापासून धन्यवाद. झेनॉनवालं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आमच्याकडे ट्रिप झाली की फायर बंद, मग लवकरात लवकर लाईटअप करा हीच घाई असायची, तिथे थांबायची हिंमत लागत असेल तर खरंच वेगळी लाईन आहे. त्यांनीच विचारायला सांगितलं की थर्मल आणि न्यूक्लिअरमध्ये शिफ्टवाल्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक काय?

आणि एमबीएचं राहिलं.

शिफ्टवाले_काका

बाबांना माझा नमस्कार सांग, शिफ्टवाला शिफ्टवाल्याचंच विचारणार.

मोठा फरक म्हणजे बंद केलेला रिअ‍ॅक्टर बंद नसतो. बॉयलरमध्ये कोळसा-ऑइल थांबलं की उष्णता तयार होणं थांबलं, आत जी आहे ती निवत जाते. रिअ‍ॅक्टरमध्ये शटडाऊन रॉड खाली गेले, साखळी प्रक्रिया थांबली, तरी सुरुवातीला फुल पॉवरच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघतच राहते. ७०० मेगावॉटच्या युनिटची औष्णिक पॉवर २,१०० मेगावॉटच्या पुढे असते, त्याचे ६ टक्के धरले तरी सव्वाशे मेगावॉट. ती हळूहळू कमी होते पण संपत नाही, पाणी फिरत ठेवावंच लागतं. म्हणून आमचा शिफ्टवाला युनिट बंद असतानाही तेवढाच जागा असतो. टर्बाइन, जनरेटर, कंडेन्सर, फीड पंप हे सगळं बाबा डोळे मिटून ओळखतील.

एमबीए: तांत्रिक बाजूने स्टेशन डायरेक्टर व्हायला लागत नाही. फायनान्स, एचआरच्या वाटा वेगळ्या, तिथे त्यांच्या डिग्र्या लागतात. मामांना सांग की इथे वर जाणाऱ्याची माणसं सांभाळायची परीक्षा बीएसडीत होते. बीएसडी म्हणजे दोन वर्षांतून येणारा मोठा शटडाऊन, हजारो कामं, कॉन्ट्रॅक्टरची माणसं, रेडिएशन डोसचं बजेट, प्रत्येक कामाचा परमिट, आणि तारखेला युनिट परत ग्रिडवर हवं. जो हे भांडणं न लावता आणि शॉर्टकट न मारता पार पाडतो त्याचं नाव आपोआप वर जातं.

आणि वानो लक्षात ठेव. चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये जगभरच्या न्यूक्लिअर प्लांटवाल्यांनी मिळून काढलेली संघटना, एका देशाचे ऑपरेटर दुसऱ्या देशाच्या स्टेशनवर जाऊन पिअर रिव्ह्यू, म्हणजे तिथल्या कामाची तपासणी, करतात. मधल्या फळीत असताना अशा टीममध्ये जायला मिळालं तर नक्की जा. दुसऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये गप्प उभं राहून हँडओव्हर कसा देतात, फोनवर सूचना परत म्हणून दाखवतात की नाही हे बघितलं की आपल्या स्टेशनवर काय ढिलं पडलंय ते घरी आल्यावर लगेच दिसतं.

डिप्लोमावाला_भाऊ

सगळे इंजिनिअर लोकं बोलून राहिले म्हणून मी पण लिहितो, कारण हा धागा वाचणारे डिप्लोमा आणि आयटीआयवाले पण असतील आणि त्यांना वाटेल आपलं इथे काही नाही. आहे भाऊ. मी सदरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा, स्टायपेंडिअरी ट्रेनी म्हणून लागलो. डिप्लोमावाल्यांचं ट्रेनिंग १८ महिने, आयटीआय किंवा बारावी सायन्सवाल्यांचं २४ महिने, ट्रेनिंगमध्ये स्टायपेंड मिळतो, मग सायंटिफिक असिस्टंट किंवा टेक्निशियन.

मी फ्युएल हँडलिंगमध्ये. आपल्या पीएचडब्ल्यूआरची खासियत अशी की युनिट फुल पॉवरवर चालू असतानाच इंधन बदलतात. चॅनलच्या दोन्ही टोकांना एक-एक फ्युएलिंग मशीन येऊन घट्ट बसतं, एकीकडून नवीन बंडल आत जातात, दुसरीकडे वापरलेले निघतात, आणि चॅनल आतून पूर्ण प्रेशरवर असतो. बंडल अर्ध्या मीटरचा, पण त्याच्या मागे जी मशीन आहे तिच्या एकेका सीलसाठी, एकेका सेन्सरसाठी आम्ही जीव लावतो, कारण मशीन अडकलं तर युनिटची पॉवर उतरायला लागते. कर्नाटकातल्या कैगाचं पहिलं युनिट मे २०१६ पासून डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चाललं, तेव्हाचा जगातला रेकॉर्ड. पेपरात फोटो मोठ्या साहेबांचे येतात आणि यायलाही पाहिजे, पण ९६२ दिवस न थांबता इंधन बदलणाऱ्या पोरांशिवाय ते झालं नसतं, हे मला इथे लिहायचंच होतं.

आमच्यातून ट्रॅक बदलून सायंटिफिक ऑफिसर झालेली माणसं आहेत. अवघड आहे, वेळ लागतो, शिकत राहावं लागतं. पण फोरमन, सुपरवायझर म्हणून एखाद्या सेक्शनची पूर्ण जबाबदारी घेणं हीसुद्धा लीडरशिपच आहे. आणि कोराडी भाऊ, तू ऑफिसर होऊन येशील तेव्हा पहिल्या दिवसापासून टेक्निशियनच्या बाजूला बसून चहा पी. ज्या साहेबाला पोरं बिनधास्त येऊन सांगतात की "साहेब, आवाज वेगळा येऊन राहिला", त्याला ट्रिपच्या आधी कळतं. ज्याला घाबरतात त्याला ट्रिपनंतर कळतं.

एमएस्सी_फिजिक्स_ताई

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, माझं कामच ते आहे. मी हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे प्लांटमधलं रेडिएशन मोजणाऱ्या विभागात, नागपूर विद्यापीठातून फिजिक्स, मग ट्रेनिंग स्कूल.

आईला सांग की रेडिएशन भागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, त्याचं मोजमाप होतं आणि प्रत्येकाचा हिशेब नोंदला जातो. एईआरबीची मर्यादा अशी, ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य लोकांसाठी वर्षाला १. तुलनेला म्हणून, जगात माणसाला निसर्गातूनच, म्हणजे जमीन, आकाश, हवेतला रेडॉन ह्यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. गरोदर बाई असेल तर तिने कळवल्यानंतर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या सगळ्या काळात १ ची मर्यादा. प्लांटमध्ये बहुतेक जण ह्या मर्यादांच्या खूप खाली असतात, कारण नियम फक्त मर्यादा पाळा असा नसून जेवढा कमी करता येईल तेवढा करा असा आहे. जास्त डोसचं काम असेल तर आधी रिकाम्या मॉडेलवर सराव करवून घेतो म्हणजे आत गेल्यावर पाना शोधण्यात वेळ जात नाही.

धोका शून्य आहे असं मी आईला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. धोका मोजलेला आहे आणि मोजणारा माणूस त्या कामाच्या घाईत नसलेला आहे, हे सांग. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. रेडिएशन वर्क परमिटवर माझी सही नसेल तर काम सुरू होत नाही, आणि आत रीडिंग वाढलं तर मी काम थांबवते, समोर कितीही सिनिअर असो. मी ज्युनिअर असताना एका मोठ्या जॉबला अशी थांब म्हणाले होते, सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि तिथल्या सुपरिंटेंडंट सरांनी एक शब्द न बोलता माणसं बाहेर काढली. नंतरही त्यांनी विषय काढला नाही. त्यांच्या हाताखाली काम करायला सगळे का धडपडायचे ते मला त्या दिवशी कळलं.

मुलींसाठी पण लिहिते, कारण विचारतात बऱ्याच. शिफ्ट, फील्ड, कंट्रोल रूम कशालाही मुलगी म्हणून मागे राहू नका. सुरुवातीला कोणी काळजीपोटी "तू ऑफिसचं काम बघ" म्हणेल, ती काळजी नम्रपणे नाकारा, कारण काकांनी लिहिलं तसं लायसन्स फील्डमधूनच मिळतं आणि ऑफिसात घालवलेली पहिली पाच वर्षं नंतर भरून निघत नाहीत. आणि नियामकाची बाजू हीसुद्धा एक वाट आहे, एईआरबी १९८३ पासून आहे. प्लांट चालवणाऱ्याला प्रश्न विचारणारी बाजू तेवढीच मजबूत पाहिजे, तिथेही चांगले इंजिनिअर लागतात.

धरमपेठ_मेकॅनिकल

खाजगीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडं. मी पार्ट बनवणाऱ्या इंडस्ट्रीत आहे. आपल्याकडे वालचंदनगर, तिकडे हजीऱ्याला एल अँड टी, अशा कंपन्या कितीतरी वर्षांपासून रिअ‍ॅक्टरचे मोठे भाग बनवून राहिल्यात, वेल्डिंग आणि क्वालिटीचं जे काम तिथे चालतं ते दुसरीकडे बघायला मिळत नाही. २०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य सांगितलं, तेव्हा आपण ९ गिगावॉटच्याही खाली होतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर करून खाजगी कंपन्यांना दार उघडलं. एनटीपीसी आणि एनपीसीआयएलची अश्विनी नावाची जॉइंट कंपनी राजस्थानात माही बांसवाड्याला ७०० मेगावॉटची चार युनिटं उभारणार आहे.

म्हणजे पुढच्या १५-२० वर्षांत सगळ्यात जास्त तुटवडा पैशाचा नाही, लायसन्स असलेल्या माणसांचा पडणार आहे. रिअ‍ॅक्टरचं डिझाईन विकत घेता येतं. शिफ्ट चार्ज इंजिनिअर जाहिरात देऊन मिळत नाही, त्याला घडायला वर्षं लागतात. आज जो ट्रेनी लागेल तो २०४० च्या आसपास नेमका अशा जागी असेल जिथे सरकारी आणि खाजगी दोघांनाही तो हवा असेल. म्हणून मी पण म्हणतो सुरुवात एनपीसीआयएलमधूनच कर, बाँड तीन वर्षांचा असतो म्हणून घाबरू नको, तेवढ्यात तर तू जेमतेम प्लांट ओळखायला लागशील.

कोराडी_कॉलनी

आईला ताईंचं पूर्ण वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं आणि मग विचारलं की तिथे शाळा-दवाखाना असतो का, म्हणजे अर्धी तयार झाली. मिहानवाल्यांना मुदत वाढवून मागितलीय. शेवटचा प्रश्न, इंटरव्ह्यूमध्ये मला स्टेशन डायरेक्टर व्हायचंय असं सांगावं का? आणि मागताना ऑपरेशनच मागू?

शिफ्टवाले_काका

आईंना सांग, टाउनशिपमध्ये अणुऊर्जा शिक्षण संस्थेची शाळा असते, दवाखाना असतो, क्वार्टर मिळतं. नागपूरपासून लांब पडेल हे मात्र खरं, कैगा असो की कुडनकुलम, दिवाळीचं तिकीट चार महिने आधी काढावं लागतं, आणि दिवाळीला शिफ्ट लागली तर तेही जातं. हे तिला आत्ताच सांगून ठेव, नंतर कळण्यापेक्षा बरं.

इंटरव्ह्यूत डायरेक्टर व्हायचंय हे स्वतःहून सांगू नको, विचारलं तर लपवूही नको. तिथे खुर्चीपेक्षा बेसिक बघतात. थर्मो, फ्लुइड, हीट ट्रान्सफर, स्ट्रेंथ, मशीन डिझाईन, त्यात तू जो विषय आवडीचा सांगशील त्यात खोलवर नेतील. पंपाचं कॅव्हिटेशन, एनपीएसएच, बेअरिंग, रँकाइन सायकल हे समोर उभ्या माणसाला समजावून सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर सरळ "नाही येत सर" म्हणायचं, अंदाजाने ठोकायचं नाही, कारण अंदाजाने उत्तर देणारा माणूस आम्हाला पॅनलवर नको असतो. घरचं वातावरण थर्मलचं आहे हे जरूर सांग आणि बाबांकडून टर्बाइन साईड एकदा नीट समजून घे, घरीच मास्तर आहे तुझ्या. ऑपरेशन आवडेल असं सांग, पण नेमणूक गरजेप्रमाणे होते, मेंटेनन्स मिळालं तर मन लावून कर आणि पुढे ऑपरेशनला जायची संधी मागत राहा.

आणि कॉलेजचा सीजीपीए असेल तर टक्क्यांत बदलल्याचं पत्र आजच्या आज अर्ज करून काढून घे. ६० टक्क्यांची अट असते, कागदपत्रं तपासताना तिथेच पोरं अडकतात आणि कॉलेजच्या ऑफिसला आठवडा लागतो. गेटचं स्कोअरकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, कास्टचं असेल तर ते चालू फॉर्मॅटमधलं, सगळे ओरिजिनल एका फाईलमध्ये. काही अडलं तर इथेच विचार, मी रोज संध्याकाळी बघतो.